दादाच्या मशीनसाठी केलेली डिस्क

संगणकावर निळा पडदा आला की कॉटवरून दादाचा आवाज यायचा, "मेलं का पुन्हा?" त्या दिवसांत आमच्या घरात तो शब्द कुणी उच्चारत नव्हतं, आणि ज्यानं उच्चारू नये तोच हसत हसत उच्चारायचा. मला भयंकर राग यायचा.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. लासूर स्टेशनला त्याचं लग्नपत्रिकांचं दुकान होतं. बाजाराच्या मागच्या गल्लीत एक गाळा, एक संगणक, एक प्रिंटर आणि भिंतभर नमुन्याच्या पत्रिका. आसपासच्या गावांतली निम्मी लग्नं त्याच्या हाताखालून गेलेली. कुणाच्या चुलत्याचं नाव कुणाच्या खाली गेलं तर मांडवात काय रामायण होतं, हे त्याला तोंडपाठ होतं. यकृताचा कॅन्सर निघाला तेव्हा तो, वहिनी आणि पुतणी असे तिघं माझ्याकडं शहरात, सिडकोत राहायला आले, कारण दवाखाना इथं. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन जे सांगितलं ते त्यानं माझ्या तोंडावरून ओळखलं. रिक्षात बसल्यावर म्हणाला, "पोरीचं उरकून टाकू, बारक्या."

पुतणीचं जमलेलं होतं, तारीख लांबची होती. ती अलीकडं ओढली. घरात कुणी गेलं तर वर्षाच्या आत लग्न करा, नाहीतर तीन वर्षं थांबा, हा आमच्याकडचा रिवाज. मुलाकडच्यांनाही तो ठाऊक होता, त्यामुळं घाई कशाची असं कुणी विचारलं नाही. दादाची अट एकच होती. लग्नपत्रिकेची अक्षरजुळणी तो स्वतः करणार, त्याच्या सॉफ्टवेअरवर, त्याच्या अक्षरात. सगळ्या तालुक्याच्या पोरींच्या पत्रिका केल्या आणि आपल्या पोरीची दुसऱ्याच्या हातची, हे त्याला जिवंतपणी चालणार नव्हतं. "एवढं करू दे," तो मला म्हणाला, "मग मी कायबी मागणार नाय."

गावाकडून त्याचं मशीन आणलं तर ते चालूच होईना. उघडलं. मदरबोर्डवरचे कपॅसिटर फुगून वर आलेले, म्हणजे बोर्डच गेलेला. नवा संगणक घ्यावा तर त्याचं मराठीचं सॉफ्टवेअर इतकं जुनं की नव्या विंडोजवर उभंच राहत नव्हतं. शिवाय त्याला एक लॉक होतं, प्रिंटरच्या जुन्या रुंद पोर्टात खोचायचं. ते नसलं की सॉफ्टवेअर उघडत नाही. नव्या संगणकाच्या पोटात जुन्याचं सोंग वठवणारे प्रोग्राम असतात, तेही लावून पाहिले. लॉकनं ओळखच दाखवली नाही.

मी शेंद्र्याला एका कारखान्यात संगणक विभागात आहे. तेव्हा हे काम माझ्याच गळ्यात येणार हे उघड होतं. पैठण गेटजवळून रुंद पोर्ट असलेलं एक वापरलेलं मशीन आणलं, दादाच्या पिशवीतली जुन्या विंडोजची डिस्क, म्हणजे सीडी, घातली. फाइली भराभर चढल्या आणि शेवटी संदेश आला: हार्ड डिस्क सापडत नाही. हार्ड डिस्क तर समोर गुरगुरत होती. भानगड अशी की डिस्क जुन्या काळातली आणि हार्ड डिस्क सांभाळणारी चिप तिच्या नंतरची. त्या चिपशी कसं बोलायचं हे सांगणारी फाइल, म्हणजे ड्रायव्हर, डिस्कवर नव्हती. पूर्वी अशा वेळी तो फ्लॉपीतून द्यायचे, पण या मशीनला फ्लॉपीची जागाच नव्हती. मग एकच उपाय उरला. जुन्या डिस्कमधलं सगळं माझ्या लॅपटॉपवर उतरवायचं, त्यात हा ड्रायव्हर घालायचा, आणि आपली अशी वेगळी डिस्क बनवायची.

ऐकायला सोपं आहे. पण कोऱ्या डिस्क कुठं मिळतात आता? गुलमंडीत एका दुकानदारानं माळ्यावरून धुळीनं भरलेला डबा काढला आणि माझ्याकडं बघत म्हणाला, "अब ये कौन लेता है भाई, गानों के जमाने का माल है." सगळा डबा उचलला.

पहिली डिस्क केली, निळा पडदा. दुसरी केली, निळा पडदा. कंपनीनं एकाच नावाचे कितीतरी ड्रायव्हर काढून ठेवलेले, त्यातले बहुतेक नव्या विंडोजसाठीचे. मशीनच्या खोक्यावर चिकटवलेल्या चिठ्ठीवरच्या नावावरून मी एकेक घालत होतो. कामावरून आलो की डिस्क बनवायची, मशीनमध्ये घालायची आणि दोघांनी पडद्याकडं बघत बसायचं. सुरुवातीला दादा पाठ टेकून बसायचा. मग उशी लागायला लागली. मग पोटात पाणी भरलं आणि तो कुशीवर पडून बघायला लागला. कळा आल्या की डोळे मिटायचा, पण बंद कर म्हणायचा नाही. मला दिसत होतं की डिस्क होईल तेव्हा तो कीबोर्डपुढं बसू शकेल की नाही, एवढाच आता प्रश्न आहे. हे दिसत असताना एका फडतूस फाइलीशी कुस्ती खेळणं फार वाईट असतं. एकदा मी माऊस भिंतीवर फेकला.

त्यात पिशोरहून वहिनीचा भाऊ आला. माणूस वाईट नाही, पण तोंडाला खीळ नाही. मशीनभोवतीचा पसारा बघून म्हणाला, "दाजी, हे काय लावलंय? फोनवरच करत्यात आता पत्रिका. आमच्या पोराची बसल्या जागी केली, सगळ्यांला पोचली."

दादा पडल्या पडल्या म्हणाला, "तुझ्या पोराच्या पत्रिकेत गणपती नाचत व्हता. माझ्या पोरीच्या पत्रिकेत त्यो बसलेला पायजे."

पुतणी खदखदून हसली आणि हसता हसताच उठून आत गेली. बराच वेळ ती बाहेर आली नाही.

शेवटी मी चिठ्ठीचा नाद सोडला. पेनड्राइव्हवरून चालणारी लिनक्स नावाची दुसरी छोटी प्रणाली लावून चिपचा आतला खरा नंबर वाचला. तो चिठ्ठीवरच्या नावाशी जुळतच नव्हता. आधीच्या मालकानं आतला बोर्ड बदलून खोकं तेच ठेवलं असणार. त्या नंबरवरून नेमका ड्रायव्हर शोधला, डिस्कच्या फाइलींत घातला, नवी डिस्क बनवली. रविवार सकाळ होती. या वेळी पडदा निळा झाला नाही. हार्ड डिस्क दिसली, विंडोज चढली, सॉफ्टवेअर चढलं, लॉक लागलं. मी दादाकडं बघितलं. तो म्हणाला, "व्हय, बघतोय. उठव मला." मी त्याच्या काखेत हात घालून उचलला तेव्हा कळलं, काहीच वजन राहिलं नव्हतं. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही.

दोन्ही बाजूंना उशा लावून तो बसला. एकेक अक्षर सावकाश पडत होतं, पण चुकत नव्हतं. मध्ये थांबायचा, दम घ्यायचा, वहिनीला विचारायचा, "आत्याबाई रुसतील का खाली टाकलं तर?" वहिनी म्हणायची, "रुसू द्या." दुपारपर्यंत पत्रिका झाली. वरती बसलेला गणपती, मधोमध पोरीचं नाव. दादा कितीतरी वेळ बघत राहिला. इतक्या महिन्यांत त्याच्या तोंडावर समाधान मी तेवढंच पाहिलं. "लई झाक झाली," तो म्हणाला. पोटातलं पाणी काढायला दुसऱ्या दिवशी दवाखान्यात जायचं होतं. आल्यावर छापायला देऊ, असं ठरलं.

तो आला नाही. दवाखान्यातच गेला.

तेरावं झाल्यावर मुलाकडचे वडीलधारे येऊन बसले आणि तारीख तीच ठेवायचं ठरलं. त्यांनी चांगुलपणाच केला. मग वहिनीचा भाऊ हळूच म्हणाला, "पत्रिका बदलावी लागल. दाजींच्या नावाचं..." पुढचं बोलायची गरज नव्हती. पत्रिकेत गेलेल्या माणसाच्या नावामागं काय लागतं ते सगळ्यांना माहीत असतं.

मी मशीन लावलं, फाइल उघडली आणि दादाच्या नावापुढं बसलो. एक कळ दाबली तर भलतंच अक्षर आलं. दुसरी दाबली, तिसरीच मात्रा. दादाच्या कीबोर्डवर कळांची मांडणीच निराळी होती, जुन्या टाइपरायटरची. ती मला येत नव्हती. बरंच झालं, असं वाटलं. "मला नाही जमत," मी म्हणालो, "आणि मी लिहिणारही नाही."

"सरका भाऊजी," वहिनी म्हणाली. दादा माल पोचवायला गेला की दुकानात तीच जुळणी करायची. ती खुर्चीवर बसली. कीबोर्डकडं तिनं बघितलं नाही. दादाच्या नावामागचं 'श्री.' पुसलं आणि 'कै.' टाइप केलं. मग पडद्यावरची खूण पुढं नेऊन स्वतःच्या नावापाशी थांबली. तिथं 'सौ.' होतं. तिचं बोट कळेवर नुसतं टेकून राहिलं. तिनं कळ दाबली, 'सौ.' गेलं. त्या जागी तिनं 'श्रीमती' टाइप केलं.

दादानं ती ओळ दोघांच्या नावांच्या मापानं आखलेली होती. 'श्रीमती' तीत मावेना. वहिनीचं नाव ओळीतून सुटून खाली आलं आणि एकटंच उभं राहिलं, पोरीच्या नावाआधीच्या 'चि. सौ. कां.'च्या अगदी वर. अक्षर बारीक केलं तर बसेल, असं मी म्हणालो. वहिनीनं बारीक करून बघितलं. दादाचं नावही बारीक झालं. तिनं ते परत पहिल्यासारखं केलं.

"राहू द्या," ती म्हणाली, "त्यांचं हाय तेवढं मोठं राहू द्या. माझं खाली चालल."

आम्ही तसंच छापलं.