जाडा पंचा

अक्काला गुदगुल्या फार व्हायच्या. ती जाऊन महिना झाला. तिच्याविषयी लिहायला बसले की दरवेळी पहिलं वाक्य हेच येतं. तिची प्रार्थना, तिची शिस्त, वसतिगृहातल्या मुलींसाठी तिने शिवलेले झगे हे सगळं मागे राहतं. दोनदा खोडून पाहिलं. आता तेच राहू देते.

अक्का म्हणजे माझी आत्या, आबांची थोरली बहीण. धुळ्याला चर्चच्या आवारात, वसतिगृहाला लागून तिच्या दोन खोल्या होत्या. दिवसभर ती शिलाई मशीन चालवायची. पायडल मारून मारून टाचा चामड्यासारख्या झाल्या होत्या, पण तळव्याची मधली खळगी तान्ह्या मुलाची राहिली होती. तिथे मुंगी चढली तरी अक्का मशीन सोडून खोलीभर नाचायची.

ही ऐंशीनंतरच्या वर्षांतली गोष्ट. मी जळगावला कॉलेजात होते. ईस्टरच्या आठवड्यात आबा आणि मी एस.टी.ने धुळ्याला अक्काकडे जायचो. पवित्र गुरुवारी संध्याकाळी चर्चचे धर्मगुरू, म्हणजे आमचे पाळक, मंडळीतल्या बारा जणांचे पाय धुवायचे. शेवटच्या जेवणाच्या वेळी येशूने कमरेला पंचा बांधून शिष्यांचे पाय धुतले, त्याची ही आठवण. आपल्याकडे पाय धुतात ते जावयाचे, पाहुण्याचे, मोठ्याचे. इथे मोठ्यानेच खाली बसायचं. त्यामुळे ज्यांचे पाय धुवायचे त्यांना मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं, आणि त्यावर मंडळीने एक उपाय काढला होता. सगळे घरून पाय धुऊन यायचे.

नुसते धुऊन नाही. नळाला एक दिवसाआड पाणी, तरी गुरुवारसाठी बादली राखून ठेवायची. वजरीने टाचा घासायच्या, नखं कापायची, वरून खोबरेल. पाळकांच्या हाताला घाण लागली तर काय म्हणतील? एका वर्षी ते उपदेशातच म्हणाले, "यंदा एखादा तरी मळका पाय आणा. मी उगाच पाणी ओततोय." त्या संध्याकाळी बाराच्या बारा जोड नेहमीपेक्षा जास्त चकाकत होते.

बारा जण म्हणजे बारा पुरुष, असंच चालत आलेलं. मग एका वर्षी पाळकांनी ठरवलं की तीन बायकाही बसतील. मंडळीतले सर्वांत जुने पंच म्हणजे नाना. त्यांना हसताना कुणी पाहिलं नव्हतं. ते म्हणाले, "बारा शिष्यांत बाई होती का?"

पाळक म्हणाले, "नाना, बारा शिष्यांत धुळ्याचंही कुणी नव्हतं."

नानांनी हे मनावर घेतलं. "ठीक आहे. एक वर्ष बघू. पण बाया गंभीर राहिल्या नाहीत, तर पुढच्या वर्षापासून पुन्हा पुरुषच."

बायकांनी एकमताने पहिलं नाव अक्काचं दिलं. मंडळीत तिच्याइतकी गंभीर बाई नाही, असा सगळ्यांचा समज होता. खरी गोष्ट घरातल्यांनाच ठाऊक. आम्ही पोहोचलो तेव्हा ती मशीनपुढे दोन्ही पाय साडीत लपवून बसली होती.

"माले गुदगुल्या व्हतस," ती आबांना म्हणाली.

"माहीत शे," आबा म्हणाले. जळगावला कचेरीत ते शुद्ध मराठी बोलायचे, पण अक्काच्या दारात चप्पल काढली की अहिराणी सुरू.

मग मागच्या अंगणात तालीम सुरू झाली. आबा बाह्या सारून पाटावर बसले, मी तांब्या धरला. पाण्याची धार पडायच्या आत, आबांचं बोट नुसतं जवळ येताना पाहूनच अक्का किंचाळली आणि तिने लाथेने घमेलं उलथवलं.

"तू चर्चमा हासनी ते मी उठीसन निंघी जासू," आबांनी दम दिला.

"आधी लगनमा मन्हा पाय धरा, तवय सांगं व्हतं का?" अक्का म्हणाली. तिच्या लग्नात म्हणे धाकट्या आबांनी तिच्या पायाला हळद लावायचा हट्ट धरला होता आणि वऱ्हाडासमोर नवरी लोळली होती.

मी पुस्तकी उपाय सांगितला : मन दुसरीकडे गुंतव, प्रभूच्या दुःखाचा विचार कर. अक्काने प्रामाणिकपणे प्रयत्न केला. "व्हत नही पोरी," ती म्हणाली, "दुःख पयी जास." बोट जवळ आलं की दुःख पळून जायचं. शेवटी उपाय तिचा तिलाच सापडला. डोळे बारीक करून ती हवेतल्या सुईत दोरा ओवू लागली. सुई ओवताना माणूस श्वाससुद्धा घेत नाही, तर हसेल कसा? बुधवारी संध्याकाळी तिने अख्खा तांब्या सहन केला. आबांनी दोन्ही तळवे चोळले, तरी ती हलली नाही. आम्ही तिघं जिंकल्यासारखे जेवलो.

गुरुवारी ती पांढऱ्या साडीत बाकावर शेवटून दुसरी बसली. तिच्या शेजारी नेमके नाना. पाळक गुडघ्यावर येत येत तिच्यापाशी पोहोचले. अक्काने डोळे बारीक केले, चिमूट जुळवली. पाणी पडलं. काही नाही. दुसरा पाय. काही नाही. आबांनी माझं मनगट इतकं आवळलं की बांगडी रुतली. नानांनी मान किंचित हलवली, म्हणजे पुढच्या वर्षीही बायका बसणार.

आणि पाळकांनी खांद्यावरचा पंचा घेतला.

पंच्याचा विचार आम्ही केलाच नव्हता. तालमीत पाय वाऱ्यावर वाळत होते. वर्षानुवर्षं धुऊन तो पंचा कोळ्याच्या जाळ्यासारखा विरला होता, आणि पाळक मनापासून, एकेका बोटाच्या मधून पुसणारे. आधी अक्काच्या नाकातून बारीक शीळ निघाली. मग जे सुटलं ते थांबेना. वसतिगृहातल्या मुलींची रांग कोलमडली, बायका पदरात तोंड घालून हलू लागल्या, आबा निघून जाण्याऐवजी बाकाखाली वाकून काहीतरी शोधू लागले. मी गायनाच्या वहीत डोकं घातलं, पण वहीच थरथरत होती.

पाळकांनी पाय सोडला नाही. त्यांचेही खांदे हलत होते. जरा दम घेऊन ते म्हणाले, "अक्का, त्या रात्री तिथे बारा जण होते. एकाला तरी गुदगुल्या झाल्याच असतील."

मग सगळ्यांच्या माना एकदम वळल्या, कारण आता पाळी नानांची होती आणि निर्णयही त्यांचाच. नानांचा चेहरा दगडासारखा. पाणी झालं. पंचा आला. अंगठा, मधली बोटं, करंगळी. करंगळीपाशी नाना खोकले. पुन्हा खोकले. तो खोकला नव्हता हे चर्चच्या दारातल्या कुत्र्यालाही कळलं असेल.

पुढच्या वर्षी नावं ठरवताना बायकांचा प्रश्न कुणी काढला नाही. नाना फक्त एवढंच म्हणाले, "यंदा जाडा पंचा आणा."

त्यानंतर अक्काने कपाटात स्वतःचे पंचे ठेवले होते, सगळे जाडे. गेल्या महिन्यात तिला शेवटचं न्हाऊ घालायला आम्ही दोघीच होतो, मी आणि वहिनी. पाणी कोमट केलं. का, ते दोघींनी एकमेकींना विचारलं नाही. पाय आधीच स्वच्छ होते. पुसताना माझा पंचा आपोआप बोटांच्या मधून गेला आणि हात थांबला. मी वाट पाहत राहिले. पाय तसाच राहिला.

ही गोष्ट शंभरदा ऐकलेली वहिनी हळूच म्हणाली, "पातळ आणू का एखादा?"

आम्ही हसलो. तिचे पाय मांडीवर घेऊन, तोंडावर हात धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलो. आवाज ऐकून आबा काठी टेकत दाराशी आले. त्यांनी माझ्या हातातला पंचा पाहिला.

"अक्का हासनी का?" त्यांनी विचारलं.

"नाही आबा," मी म्हणाले. "दोरा ओवतेय."

आबा उंबऱ्याशी काठी ठेवून हळूहळू खाली बसले. दुसरा पाय अजून ओला होता. त्यांनी पंच्यासाठी हात पुढे केला.