उत्तर नको असलेले प्रश्न

बारावीच्या वर्गाला मी इंग्रजीचे अलंकार शिकवते, म्हणजे ओळखायला शिकवते. ओळीत ‘लाइक’ किंवा ‘अ‍ॅज’ दिसलं की सिमिली, दोन उलटे शब्द शेजारी दिसले की अँटिथेसिस, शेवटी प्रश्नचिन्ह दिसलं की डोळे मिटून इंटरॉगेशन. शितावरून भाताची परीक्षा. भात खायची गरज पडत नाही. या पद्धतीमुळे पाथर्डीत माझं बरं नाव आहे. पोरांना मार्क पडतात आणि मला एकदा शाल-नारळही मिळालाय.

वर्गात एक मुलगी होती, तिचं एवढ्यावर भागत नसे. “मॅडम, पण हे सगळं असं फिरवून का सांगायचं? सरळ का नाही?” मी म्हणायचे, “समोरच्याचं मन वळवायला.” असले प्रश्न परीक्षेला येत नाहीत, तरी ती मला फार आवडायची.

दसरा झाला आणि ती म्हणाली, दिवाळीनंतर मी येणार नाही. आईवडील दरवर्षीसारखे श्रीगोंद्याकडे ऊसतोडीला जाणार होते. धाकटी बहीण चार वर्षांची, तिला सांभाळायला यंदा हिला बरोबर नेणार होते. बोर्डाची परीक्षा फेब्रुवारीत. माझं डोकंच फिरलं. रविवारी स्कूटी काढली आणि थेट त्यांच्या वस्तीवर गेले. वाटेत भाषण जुळवलं. दोन अँटिथेसिस घातले, आणि वरच्या पट्टीत जाणारे प्रश्न. इतकी वर्षं शिकवलेलं एकदा वापरून तरी बघू म्हटलं.

वडिलांनी बाज टाकली, आईने चहा ठेवला. मी सुरू झाले.

“मुलगी शिकली तर कुणाचं वाईट होणार आहे?”

त्यांनी विचार केला. “कुनाचंच न्हाई, बाई.”

“मग तिच्या हातात पेन द्यायचं की कोयता?”

“कोयता कुठं देतूय? ती पोर सांभाळनार, तिथं कोपीवर, खोपटात, भाकरी करनार. घरी म्हातारं मानूस न्हाई आमच्या.”

“उद्या हिने तुमचं नाव काढलं, तर अभिमान वाटणार नाही का?”

“वाटंल की. लई वाटंल.”

ज्या प्रश्नाला उत्तर नको असतं तो इंटरॉगेशन, ही व्याख्या मी दरवर्षी पाठ करून घेते. इथे हा भला माणूस प्रत्येक प्रश्नाचं मनापासून उत्तर देत होता आणि माझ्या भाषणातली हवा निघून चालली होती. मुलगी दारात उभी राहून हसू दाबत होती. तिचंही बरोबरच होतं.

मग ते म्हणाले, “तुमी ठिवून घेता का तिला चार महिनं?”

या प्रश्नाला मात्र उत्तर नको होतं. मला गप्प बसवायला तो विचारला होता, एवढं मला धंद्याने कळतं. पण मी हट्टाला पेटले होते. “ठेवते,” म्हणाले. सासूबाईंना काय सांगायचं, ते परतीच्या वाटेवर बघू.

त्यांनी बायकोकडे पाहिलं. ती तोवर एक शब्द बोलली नव्हती. कपबशी माझ्यापुढे ठेवत ती म्हणाली, “न्या तिला. धाकटीला मी फडात नेते संगं.”

फड म्हणजे तोड चालू असलेलं उसाचं रान. पोर उसाच्या वाळल्या पाचटावर बसवायचं आणि आपण तोडत पुढे जायचं. हे पाथर्डीत कुणाला सांगावं लागत नाही. मी जिंकले होते. चहा संपवून निघाले.

दिवाळीनंतर मुलगी आमच्याकडे आली. सासूबाईंशी तिचं माझ्यापेक्षा बरं जमलं. रोज संध्याकाळी फोन करायची आणि आधी धाकटीची चौकशी करायची. जानेवारीत एकदा फोनवर कळलं की धाकटीचा पाय उसाच्या खुंटाने चांगलाच फाटलाय. आई पुढच्या सरीत होती. पोर किती वेळ रडत होतं, कुणालाच माहीत नाही. त्या रात्री आमच्या घरात कुणी फारसं जेवलं नाही.

दुसऱ्या दिवशी वर्गात आयरनी होती. “करायला जावं एक आणि व्हावं भलतंच,” मी सोपं करून सांगितलं. पुढच्या बाकावरून तिने हात वर केला.

“मॅडम, आपल्या रोजच्या जगण्यातलं एखादं उदाहरण सांगा ना.”

मला तिच्याकडे बघवेना. मी गाईडमधलं उदाहरण फळ्यावर लिहिलं. तिने ते उतरवून घेतलं.