टायमिंग गिअर आणि नातीचं लग्न

मंडळी, आज कामावर फार मजा आली!

मी इथे अमेरिकेत, पिस्कॅटवेजवळ, गाड्यांच्या एका डीलरशिपमध्ये मेकॅनिक आहे. काल एक अमेरिकन आजोबा आपली जुनी गाडी टो करून घेऊन आले. उद्या नातीला याच गाडीतून लग्नाला न्यायचंय. इंजिन उघडलं, तर इंजिनचे भाग एका तालात फिरवणाऱ्या टायमिंग गिअरचे प्लास्टिकचे दात तुटून ऑइलमध्ये पडलेले.

आज मी आणि सीनियर डेव्हने नवा स्टीलचा गिअर बसवला. स्टार्ट केलं, तर इंजिन नुसतं खोकलं. गिअर एक दात पुढे बसला होता! पुन्हा खोललं, खुणा जुळवल्या. आणि इंजिन असं गुरगुरलं की आजोबांनी मला मिठीच मारली.

तेवढ्यात माझा डबा घेऊन आलेली आई ओरडली, "अगं, त्यांचा शर्ट!"

मीही मिठी मारली होती, त्यामुळे त्यांच्या पाठीवर माझे ग्रीसचे पंजे! मी सॉरी म्हटलं, तर आजोबा हसले, "असू दे, उद्या लग्नात हाच शर्ट घालीन, वर कोट असणारच आहे."

तुमच्याकडे आहे का अशी जिवापाड जपलेली गाडी?