फौज घेऊन आलेला लेफ्टनंट

मी लेफ्टनंट झालो त्याच्या पुढच्याच पावसाळ्यात आमच्या घराण्याची गादी रिकामी झाली. साठचं दशक संपत आलं होतं. जहागिरी सरकारजमा होऊन बरीच वर्षं झाली होती, त्यामुळे गादी म्हणजे शिरोळ तालुक्यातल्या कृष्णाकाठच्या गावात एक वाडा, त्याला लागून देऊळ, कूळकायद्यातून वाचलेली थोडी उसाची जमीन आणि दसऱ्याला सोनं लुटण्याचा पहिला मान, एवढंच उरलं होतं. पण भांडायला एवढं पुरतं.

गादीवरचे माझे चुलते, ज्यांना सगळे सरकार म्हणत, मूलबाळ नसताना गेले. त्यांच्या मागे दोन पक्ष पडले. एक त्यांच्या विधवा पत्नीचा, म्हणजे काकीसाहेबांचा. त्यांना भाऊबंदांपैकीच कोल्हापुरातल्या एका घरचा सहा-सात वर्षांचा मुलगा दत्तक घ्यायचा होता. दुसरा पक्ष सरकारांच्या सावत्र भावाचा, धाकट्या काकांचा. त्यांचं म्हणणं, भाऊ जिवंत असताना दत्तक कशाला? आमचं घर तिसऱ्या शाखेचं. आम्ही कोल्हापुरात राहत होतो आणि वडील, ज्यांना मी आबा म्हणे, दोन्हीकडे सारखंच गोड बोलत. त्यामुळे दोन्हीकडचे लोक आमच्याकडे तिरक्या नजरेनं बघत. त्यात मी लष्करात. तरणाताठा, बिनलग्नाचा, खांद्यावर तारे असलेला मुलगा आबांनी मुद्दाम राखून ठेवलाय, असं गावात बोललं जाई. मला ते ऐकून हसू येई.

दिवाळीनंतर रजा मिळाली आणि मी दुखवट्याला गावी निघालो. जयसिंगपूरच्या एस.टी. स्टँडवर माझ्याच कंपनीचे दोन जवान भेटले. दोघेही शिरोळकडचे, रजेवर आलेले. भर स्टँडात त्यांनी कडक सॅल्यूट ठोकला.

"सायेब, तुमी हिकडं? चला की, आमीबी त्याच गाडीनं निघालोय."

गाव आलं तसे तेही उतरले आणि सरकारांच्या फोटोला हार घालू म्हणून माझ्याबरोबर वाड्यात आले. बिचाऱ्यांचा हेतू चांगला होता. बारीक कापलेले केस, ताठ चाल, पायांत लष्करी बूट. फोटो वाड्यात होता म्हणून मी आधी वाड्यात गेलो आणि नंतर चौकापलीकडे धाकट्या काकांकडे. एवढंच घडलं.

धाकट्या काकांनी मला बसायला सांगितलं, पण नजर माझ्या मागच्या दोघांवर. "आधी तिकडं गेलास," ते म्हणाले.

"फोटो तिकडं आहे, काका."

"फोटो तिकडं आहे. बरोबर आहे." मग त्यांनी चहा मागवला. मी कप उचलला तसा माझ्याबरोबरचा एक जवान हळूच कुजबुजला, "सायेब, ऱ्हाऊ द्या." मला राग आला आणि मी मुद्दाम सगळा चहा प्यालो. खरं सांगायचं तर प्रत्येक घोटाला जिभेवर चव तपासत होतो.

संध्याकाळपर्यंत तालुकाभर झालं की लेफ्टनंट फौज घेऊन आला. दोनाचे दहा झाले, दहाचा ट्रक झाला. तिसऱ्या दिवशी आमच्या कोल्हापुरातल्या घरी एक फौजदार आला. साध्या कपड्यात. आबांनी त्याला सुपारी दिली.

"साहेब, तुमच्याबरोबर माणसं किती आलीत?" त्यानं मला विचारलं.

"कुणीच नाही. दोघं रस्त्यात भेटले."

"रस्त्यात," तो म्हणाला आणि सुपारी चघळत राहिला. "आणि हत्यार?"

"रजेवर हत्यार देत नाहीत."

"तसं आम्हालाही माहीत आहे. पण वरून विचारणा झाली की आम्हालाही विचारावं लागतं."

तो गेला. आबा सुपारीचं तबक आत ठेवायला उठले, आणि मला वाटलं त्यांना आत कुठंतरी बरं वाटलंय. तेव्हा त्याचा अर्थ मला लागला नाही.

पुढच्याच आठवड्यात काकीसाहेबांनी बोलावणं धाडलं. त्या देवघराशेजारच्या खोलीत एकट्याच बसल्या होत्या. दासीला त्यांनी बाहेर घालवलं, दार स्वतः लावून घेतलं आणि थेट विचारलं, "तुम्हाला गादी हवी आहे का?"

"नाही."

"शपथ नका घेऊ. शपथांवर माझा विश्वास नाही." त्यांनी आवाज खाली आणला. "दत्तकविधान सोमवारी आहे. वकील म्हणतात, जन्मदात्यांनी मूल माझ्या हातात द्यावं लागतं, नाहीतर कोर्टात टिकणार नाही. आणि धाकटे दीर मूल इथवर पोचू देणार नाहीत. मुलाच्या घरच्या मोटारीवर त्यांची पाळत आहे. तेव्हा आई-बाप गाडीनं येतील. मूल तुम्ही आणायचं. आगगाडीनं, एस.टी.नं, जसं चार लोक येतात तसं."

मी चाट पडलो. "मीच का?"

"तुमच्यावर सगळ्यांचा संशय आहे म्हणून. माझाही आहे. मुलाला काही झालं तर पहिलं नाव तुमचं घेतलं जाईल, आणि ते तुम्हालाही कळतं. त्याला तुमच्याइतकं जपून दुसरं कोण आणेल?"

असा विश्वास मी तोवर पाहिला नव्हता. मी हो म्हणालो. उठताना त्या म्हणाल्या, "आबांना सांगू नका."

"आबांनासुद्धा?"

"आबांना तर मुळीच नाही."

त्या बोलण्याचा मला संताप आला. तरी सांगितलं मात्र नाही.

सोमवारी सकाळी शाहूपुरीतल्या एका घराच्या मागच्या दारानं मी मुलाला ताब्यात घेतलं. साधी खाकी चड्डी, मळकट सदरा, डोक्यावर टोपी. त्याची आई रडत नव्हती. तिनं माझ्याकडे नीट बघून घेतलं, पुढे कधी ओळखावं लागलं तर म्हणून बघतात तसं. मुलानं मुकाट्यानं माझं बोट धरलं.

आगगाडी सुटल्यावर मी त्याला पेरू दिला. त्यानं घेतला नाही. "भूक नाही?" मी विचारलं. तो पेरूकडे बघत राहिला. मग म्हणाला, "कुणाच्या हातचं खायचं नाही असं सांगितलंय."

मी पेरू फोडला, अर्धा खाल्ला. मी गिळेपर्यंत तो माझ्या गळ्याकडे बघत होता. मग अर्धा घेऊन भराभर खाल्ला. एवढ्या वयात हे शिकवलंय त्याला, या विचारानं मला कसंतरीच झालं.

हातकणंगल्याला डब्यात एक म्हातारी चढली. हिरवं लुगडं, पायाशी भाजीची पाटी. ती आमच्या समोर बसली आणि आमच्या दोघांवरची नजर काढीना.

"पोरगं कुनाचं म्हनायचं, पावणं?"

"बहिणीचं," मी म्हणालो.

मुलानं लगेच मोठ्यांदा सांगितलं, "मी ह्यांचा कुणी नाही."

डब्यातली सगळी डोकी आमच्याकडे वळली. त्या दिवसांत पोरं पळवणाऱ्या टोळीच्या वावड्या सारख्या उठत. शेजारचा एक माणूस उठून दाराशी जाऊन उभा राहिला. मी ओळखपत्र काढून दाखवलं. म्हातारीनं ते हातातही घेतलं नाही. "कागदावर काय बी लिवत्यात," ती म्हणाली आणि मुलाकडं वळली. "लेकरा, ह्यो तुला मारतो का?"

"नाही."

"मग ह्येच्यासंगं का चाललास?"

कुठं आणि कशाला चाललोय ते सांगायचं नाही, असं मुलाला बजावलेलं होतं. तो माझ्याकडे बघू लागला, आणि त्यामुळे तर सगळं आणखीच वाईट दिसलं. शेवटी मी पुढं वाकून म्हातारीच्या कानात सांगितलं की मूल वाड्यावर, बाईसाहेबांकडे पोचवायचं आहे आणि याहून जास्त मला सांगता येत नाही.

तिनं डोळे बारीक केले. "खरं आसंल तर मी पोचीवते. माजं गाव त्येच्याच म्होरं हाय. बाईसायबांच्याच हातात दीन, दुसऱ्या कुनाच्या न्हाय. आन् तुमी लांब बसायचं. जवळ आलासा तर बोंब मारीन."

काय करणार? जयसिंगपूरला उतरलो. एस.टी.त ती मुलाला मांडीवर घेऊन पुढं बसली, पदर त्याच्यावर ओढून. मी मागच्या बाकावर. मूल गेलं तर माझी मान जाईल, आणि ते मूल एका अनोळखी बाईच्या पदराखाली होतं. ती कुणाची असेल, कुणी मुद्दाम पाठवली असेल का, हातकणंगल्यालाच कशी चढली, हे सगळं माझ्या डोक्यात घोळत होतं. घराण्याचा रोग मलाही लागला होता.

गावच्या फाट्यावर धाकट्या काकांची दोन माणसं सायकली टेकवून उभी होती. एस.टी. थांबली. म्हातारी उतरली, डोक्यावर पाटी, कडेवर पोर. त्यांनी तिच्याकडे पाहिलंही नाही. त्यांना लेफ्टनंट हवा होता. मी रिकाम्या हातानं उतरलो तसे दोघं गोंधळले आणि माझ्या मागं लागले. मी सरळ नदीकडं चालू लागलो. घाटावर बसलो, बूट काढले, पाय पाण्यात सोडले. दोघं वरच्या पायरीवर विडी ओढत बसले. तिघंही एकमेकांकडे बघत होतो आणि कुणालाच काही विचारता येत नव्हतं.

वाड्यातून सनई ऐकू आली तेव्हा मी ओले पाय तसेच बुटात घालून पळालो.

आत गेलो तर सगळं खोळंबलेलं. मूल म्हातारीच्या मांडीवरच होतं. काकीसाहेब समोर उभ्या, आणि म्हातारी त्यांना विचारत होती, "बाईसायेब तुमीच कशावरनं?" मुलानंच शेवटी त्यांना हाक मारली, तेव्हा तिनं त्याला सोडलं. पण त्याच्या आई-बापांचा पत्ता नव्हता. भटजी मुहूर्त टळेल म्हणून चुळबुळत होते, आणि काकीसाहेब दर थोड्या वेळानं माझ्याकडे बघत. मी दुसऱ्या पक्षाला विकला गेलो असं त्यांना वाटत होतं हे मला दिसत होतं.

मग मागच्या दारानं ती दोघं आली. पायी. त्यांच्या गाडीपुढं वळणावर उसाचा ट्रॅक्टर आडवा लावला होता, चाक पंक्चर झालंय म्हणून. ड्रायव्हरला गाडीपाशी ठेवून नवरा-बायको उसातून वाट काढत आली होती. दोघांच्या हातांवर पाल्याचे ओरखडे, बाईंच्या शालूला चिखल. त्याच हातांनी त्यांनी मूल काकीसाहेबांच्या ओटीत घातलं. तेव्हा मात्र त्या आईला रडू आवरलं नाही.

गर्दीत म्हातारी कधी निघून गेली कळलं नाही. पुढे मी तिला शोधलं, सापडली नाही.

धाकटे काका चौकात भेटले. "तुला काय कबूल केलंय?" एवढंच त्यांनी विचारलं. काही नाही म्हणालो तर ते हसले.

घरी मात्र आबा हसले नाहीत. बातमी माझ्या आधी पोचली होती. ते आरामखुर्चीत बसले होते.

"गादी एस.टी.त घालून दुसऱ्याच्या दारात सोडून आलास," ते म्हणाले.

"आपली कुठं होती ती?"

"झाली असती. दोन्ही पक्ष कोर्टात दमले असते आणि तिसऱ्या शाखेतला कर्ता मुलगा, लष्करातला, पुढं आला असता. वकिलाशी बोलणं झालं होतं माझं. तुला लष्करात काय हौस म्हणून घातलं होतं?"

मी उभाच राहिलो. ज्या संशयाला मी हसत आलो होतो, तो खरा होता. माझ्याबद्दल नाही, माझ्या बापाबद्दल. आणि काकीसाहेबांना ते माहीत होतं, धाकट्या काकांना माहीत होतं, त्या फौजदारालाही बहुधा. एक मलाच नव्हतं. रजा संपेपर्यंत आबा माझ्याशी बोलले नाहीत, आणि मीही त्यांच्याशी.

पलटणीत परत गेलो तर सीओंनी, म्हणजे पलटणीच्या प्रमुखांनी, बोलावून घेतलं. कडक, पण न्यायी माणूस. "तू कुठल्या गादीचा वारस आहेस का?"

"नाही, सर."

"मग पोलीस तुझ्याबद्दल का विचारतायत? जवान घेऊन कुणाच्या वाड्यात गेलास म्हणे."

मी सगळं सांगितलं. त्यांनी मध्ये न बोलता ऐकलं. "माझा तुझ्यावर विश्वास आहे," ते म्हणाले, "पण हे माझ्या पातळीवर राहिलेलं नाही." एका जनरलसाहेबांचा एडीसी, म्हणजे खास मदतनीस अधिकारी, म्हणून माझं नाव गेलं होतं, ते परत आलं. माझी बदली ईशान्येकडच्या एका डोंगरी चौकीवर झाली, जिथं पावसाळ्यात रसदसुद्धा खेचरांवरून येई. बरोबरीचे कॅप्टन झाले त्याच्या बऱ्याच नंतर मी झालो. कारण कुणी कधी सांगितलं नाही. एकाहत्तरच्या लढाईत माझ्या कंपनीनं चांगलं काम केलं आणि त्यानंतर विचारणा थांबली. मेजर होऊन मी निवृत्त झालो. आबांनी तोवर माझ्याशी बोलणं सुरू केलं होतं, पण गादीचा विषय त्यांनी मरेपर्यंत काढला नाही.

ऐंशीनंतर मी कोल्हापुरात स्थायिक झालो. दत्तक मुलगा तरुण झाला होता, शेतकी शिकला होता, ऊस उत्तम पिकवत होता. एका पुरानंतर बांध बघायला त्यानं मला जीपमधून नेलं. नदीकाठच्या गाळाच्या, मळीच्या रानात गाडी थांबवून तो म्हणाला, "काका, एक विचारू? त्या दिवशी मला आणलंत, त्यात तुम्हाला काय मिळालं?"

"काही नाही."

"असं कसं? आईसाहेब म्हणतात, त्यांचा तुमच्यावर विश्वास नव्हता. तुमच्या घरातच गादीवर डोळा होता. मग तुम्ही आणलंत कशाला?"

मी म्हणालो, "तू तेव्हा एवढासा होतास आणि सगळे तुझ्यासाठी रस्ते अडवत होते. मला ते बरं वाटलं नाही."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. काकीसाहेबांचीच ती नजर, रक्ताचं नातं नसताना त्यानं ती कुठून उचलली कोण जाणे. पटलं नव्हतं त्याला. मग तो जीपमधून उतरला, वाहून गेलेल्या बांधावर पाय देऊन माती किती ढासळते ते बघू लागला, आणि मीही उतरून त्याच्या मागं गेलो.