मेलबर्न ते नागपूर, बारा तासांत

मेलबर्न ते नागपूर अंतर शोधलंत तर इंटरनेट सांगेल: साडेनऊ हजार किलोमीटर, विमानाने सुमारे बारा तास. विश्वास ठेवू नका. थेट विमानच नाही. दारापासून दारापर्यंत सत्तावीस तास धरा. आठ वर्षं मी हा प्रवास करते आहे. तरी यावेळी मी बाराच सांगितले.

नागपुरात पहाटे पाचला बाबा गेले. धाकट्या भावाचा, मिलिंदचा, लगेच फोन आला. "ताई, किती तास लागन तुले? लोकाइले टाइम सांगा लागते."

सत्तावीस म्हटलं असतं तर कोणी थांबलंच नसतं. मी म्हणाले, "बारा." आधी थांबू देत, मग बघू.

ऐनवेळचं तिकीट दुप्पट पडलं. सिंगापूरला उतरले तेव्हा नागपुरात बेसाच्या घरी हुडकेश्वरचे काका, मौद्याची आत्या, सगळे मांडवात बसलेले होते. नागपूरच्या वेळेनं संध्याकाळी पाचला मी फोन केला.

"मिलिंद, मी अजून सिंगापूरलेच आहे."

तो म्हणाला, "घरात चूल पेटली नाही सकाळपासून. आई नुसत्या पाण्यावर बसून राहिली, तिले शुगर आहे वं ताई. आता नेतो बाबाले."

"ने," म्हणाले, आणि तिथेच खुर्चीत बसून रडले. स्वतःची लाजही वाटत होती.

मुंबईत सामान घेऊन, पुन्हा जमा करून, देशांतर्गत विमान गाठायचं असतं. हाताशी पाच तास तरी ठेवा. सकाळी आठला नागपूर. विमानतळावरून बेसा वीस मिनिटं. पोचले तेव्हा मांडव सोडत होते. आत बुद्धाच्या मूर्तीशेजारी बाबांचा फोटो होता.

"आई, मी खोटं बोलली."

"मले माहीत आहे." तिनं दारामागे बोट दाखवलं. बाबा बसडेपोत वेळापत्रकं आखायचे. माझ्या प्रवासाचंही त्यांनी आखून तिथं चिकटवलं होतं: प्रत्येक थांबा, सुटणं, पोचणं, एकूण सत्तावीस तास. मी थांब्यावरून फोन केला की त्या रकान्यात पेन्सिलीनं खूण करायचे.

"मंग मिलिंदले सांगितलं काहून नाही?"

"सारे म्हणून राहिले होते, लवकर न्या. मी म्हटलं, पोरगी येऊन राहिली. तेवढाच दिवसभर माह्याजवळ राहिला तुहा बाप."

दहा दिवस राहिले. एका सकाळी मिलिंदनं तर्री-पोहे आणले. आईनं दोन घास खाल्ले. निघताना मी आईला वेळापत्रकाचा तो कागद मागितला. तिनं दिला नाही.

परत येताना मी कुठूनच फोन केला नाही. कोणाला करणार? मेलबर्नच्या घरी पोचून बॅग ठेवली आणि फोन वाजला. आई होती.

"मुंबई, सिंगापूर, दोन्ही रकाने रिकामे आहेत," ती म्हणाली. "पोचली न? थांब, पेन्सिल घेते."