फॉर्मवरचे काका

आमच्या दादांना, म्हणजे माझ्या वडिलांना, दोन नावं होती. भांडुपच्या चाळीत ते आत्माराम आणि कंपनीच्या गेटाच्या आत सीताराम. सीताराम हे खरं तर त्यांच्या थोरल्या भावाचं नाव. ते छातीचं दुखणं घेऊन गावी परतले, तेव्हा कायमची नोकरी बुडू नये म्हणून दादा त्यांच्याच बिल्ल्यावर कामाला उभे राहिले. बिल्ल्यावर फोटो नसे, मुकादमाने डोळेझाक केली. तेव्हा खपायचं असं. पंधरा वर्षं दादांनी भावाच्या नावाने घाम गाळला. रस्त्यात कुणी "सीताराम!" म्हटलं की झटकन वळायचे, "आत्माराम" म्हटलं तर जरा थांबून.

पण माणूस प्रामाणिक हो! हसू नका, खरंच सांगते. कंपनीच्या सत्यनारायणाला त्यांना सलग हजेरीबद्दल स्टीलचा डबा मिळाला. आईने त्यात साखर भरलीसुद्धा. दादांनी तो रिकामा करायला लावला आणि गावी भावाकडे पाठवून दिला. "नाव त्याचा, डबो त्याचो," म्हणाले. आई दोन दिवस त्यांच्याशी बोलली नाही.

कागदाची मात्र त्यांना धास्ती. पोस्टमन दारात आला तरी आधी आईला पुढे करायचे. "माणूस इसारता, कागद इसरणा नाय," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

त्र्याऐंशी साली मी दहावी झाले आणि मुलुंडच्या कॉलेजात अकरावीला नाव लागलं. ईबीसीची फी-सवलत मिळाली तर कॉलेज, नाहीतर शिवणाचा क्लास, हे घरात आधीच ठरलेलं. फॉर्मला पगाराचा दाखला जोडायचा होता. दादांनी तो कंपनीतून आणला. त्यावर अर्थातच सीताराम! आणि माझ्या शाळेच्या दाखल्यावर वडील आत्माराम. आता काय कपाळ! खरं सांगावं तर दादांची नोकरी जाणार, वर पोलीस. गप्प बसावं तर माझं कॉलेज जाणार. मुदतीचे दोनच दिवस उरले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी आंघोळ करून दादा फॉर्म घेऊन बसले. वडिलांचं नाव: आत्माराम. वडिलांचा व्यवसाय: इथे पेन थांबलं. आई आणि मी बघत होतो. मग त्यांनी सुबक अक्षरात लिहिलं, 'काही नाही'. खाली, पालक: सीताराम. नातं: काका. भावाची सही त्यांनी एका झटक्यात केली; रोज हजेरीवर तीच करत ना.

मी तडकले. "तुम्ही काही करत नाही? मग पहाटे पाचला उठून जाता कुठे?"

"ओरडू नको. हापिसात माका काका म्हण. चुकलंस तर दोघांचीय वाट लागली."

कॉलेजातल्या कारकुनाने फॉर्म चष्म्यावरून वाचला. दाखला उजेडात धरला, उलटा केला, टेबलावरच्या फोनकडे पाहिलं.

"तुम्ही कोण हिचे?"

"काका."

"आणि बाप काहीच करत नाही? धडधाकट आहे ना?"

"हो."

"मग लाज नाही वाटत त्याला? भावाच्या जिवावर पोर शिकवतो!"

माझ्या ओठांवर शब्द आलेच होते. दादांनी माझं मनगट असं दाबलं, की बांगडी रुतली.

"पहिल्यापासून आळशीच हो तो," ते हसून म्हणाले. "पण पोरगी हुशार आहे, साहेब. तिच्यावर राग काढू नका."

शिक्का बसला. जिन्यात मला रडू आवरेना. दादा म्हणाले, "रडतंस कित्याक? शिक्को बसलो मां!"

हा फॉर्म दरवर्षी नव्याने भरावा लागे. पाच वर्षं, दर जूनला, दादा माझे काका झाले. तोच कारकून विचारायचा, "अजून घरातच बसलाय का तुमचा भाऊ?" आणि दादा स्वतःलाच दोन शिव्या घालून सवलत घेऊन यायचे. मला अजून राग येतो, पण तो त्या कारकुनाचा नाही. पाच वर्षांत मी एकदाही तोंड उघडलं नाही, त्याचा.

बी.कॉम.चा निकाल लागला त्या दिवशी दादा रजा टाकून माझ्याबरोबर कॉलेजच्या गेटापर्यंत आले. मी फर्स्ट क्लासमध्ये पास झाले होते. धावत गेटापाशी आले आणि त्यांचा हात ओढला, "चला ना आत, बोर्डावर नाव लागलंय माझं!"

ते जागचे हलले नाहीत. धुवट सदरा, हातात पेढ्यांचा पुडा.

"आत मी तुजो काका," ते म्हणाले. "आज माका हयसरच उभो ऱ्हवांदे. बापूस म्हणान."