दाढीवाल्या बारा जणी

माणसाला आकडा चिकटवलेला दिसला की आजही माझ्या तोंडाची चव जाते. डॉक्टरला पाचपैकी साडेतीन, शिक्षिकेला पाचपैकी चार, घरी गॅस आणून देणाऱ्याला दोन. लोक बसल्या जागी बोट टेकवतात आणि दुसऱ्याची किंमत ठरवून मोकळे होतात. मला तेव्हा भोरच्या आमच्या कॉलेजातली कॉम्प्युटर लॅब आठवते आणि पडद्यावर ओळीनं उभ्या असलेल्या बारा दाढीवाल्या मुली आठवतात. त्यातली एक मी होते.

दोन हजार साल उलटून चार-पाच वर्षं झाली होती. मी अकरावीत होते आणि कॉलेजच्या मुलींच्या बास्केटबॉल टीममध्ये होते. टीम म्हणायला टीम, मैदान म्हणायला मैदान. मातीचं, पावसाळ्यात चिखलाचं, आणि त्यावर रिंग एकच. समोरच्या खांबाची फळी कधीतरी मोडली होती ती मोडलीच. त्यामुळे आमचा एक घरगुती नियम होता. दोन्ही बाजूंनी एकाच रिंगमध्ये बॉल टाकायचा, आणि समोरच्यांचा नेम चुकून बॉल तुमच्या हाती आला तर तो आधी चुन्याच्या रेषेबाहेर न्यायचा, मगच तुमची पाळी. सगळा खेळ त्या एका गोष्टीवर चालायचा. रिंगखाली बॉल पकडून तो बाहेर मोकळ्या असलेल्या मुलीकडे कोण किती पटकन पोचवतं त्यावर.

हे काम माझी मैत्रीण करायची. ती वेल्ह्याची. तिथल्या बाजारात तिच्या वडलांची पिठाची गिरणी होती आणि ती त्या घरघराटात लहानाची मोठी झालेली, त्यामुळे तिला हळू बोलता यायचंच नाही. उंचीनं बेताची, अंगानं भरलेली. पळण्यात आमच्यापेक्षा मागं, पण रिंगखाली एकदा पाय रोवून उभी राहिली की तिला हलवायची कुणाची टाप नव्हती. बॉल हातात आला की न बघता मागं भिरकावायची आणि तो बरोबर कुणाच्या तरी ओंजळीत पडायचा. वर सबंध वेळ तोंड चालू. "तुझ्या मागं हाय! डावीकडनं येतीया! आगं सोड, सोड, आता टाक!" तिच्या आवाजावर आम्ही खेळायचो. मान वळवून बघायची गरजच पडत नसे.

वेल्ह्याहून भोरला रोज ये-जा करणं म्हणजे नसरापूरला गाडी बदलायची आणि निम्मा दिवस एसटीत घालवायचा. म्हणून ती भोरला आत्याकडे राहायची. आत्याचं घर दोन खोल्यांचं, त्यात तिची स्वतःची पोरं. वडलांनी तिला स्पष्ट सांगून ठेवलं होतं, "टीममधी हाईस तवर ऱ्हा हितं. टीम सुटली की घरी यायचं, परीक्षा बाहेरनं दे. आत्याला किती दिवस ताप द्यायचा?" म्हणजे तिचं भोर, तिचं कॉलेज, सगळं त्या एका रिंगला लटकलेलं होतं. हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. सरांनासुद्धा.

आमचे खेळाचे सर मूळचे कबड्डीचे. माणूस कष्टाळू होता, लबाड मुळीच नव्हता. लबाड असते तर मला एवढा राग आला नसता. बास्केटबॉल त्यांना फारसा येत नव्हता आणि ते त्यांना मनातून खुपायचं. त्या वर्षी त्यांच्या पुण्याच्या पुतण्यानं त्यांना बास्केटबॉलच्या गेमची सीडी दिली. सरांनी ती लॅबमधल्या कॉम्प्युटरवर टाकली आणि आठवड्याभरात त्यांचं बोलणंच बदललं. परदेशातले ते ताडमाड खेळाडू, प्रत्येकाच्या नावापुढे एक आकडा. हा ब्याण्णव, तो अठ्ठ्याऐंशी. नव्व्याण्णवच्या वर कुणी जात नाही. सर भक्तिभावानं सांगायचे, "सायंटिफिक आहे. कुणाचा वशिला नाही, काही नाही. कॉम्प्युटर सरळ सांगतो कोण किती पाण्यात आहे."

त्या गेममध्ये आपल्या मनानं नवा खेळाडू बनवायची सोय होती. झालं. सर आम्हाला बनवायला बसले.

तो प्रकार मी शेजारच्या खुर्चीवर बसून पाहिला आहे. गेममध्ये बाई नावाची चीजच नव्हती, म्हणून आम्ही सगळ्या पुरुष झालो. चेहरा आपोआप येईल तो, आणि आपोआप येणाऱ्याला दाढी होती. ती काढायची कुठून हे सरांना सापडेना. "दाढीचा खेळाशी काय संबंध?" म्हणत ते पुढे गेले. मग उंची. बाण दाबत दाबत सर खाली आले आणि एका ठिकाणी गेमनं हात टेकले. आमच्याएवढं बुटकं माणूस त्याला मंजूरच नव्हतं. मग आम्ही सगळ्याच वीतभर वाढलो. त्यानंतर खरी मजा. पळणं, उडी, लांबून नेम, जवळून नेम, बॉल हाताळणं, पास देणं, समोरच्याला अडवणं, अशा एकेका गोष्टीला सर अंदाजानं आकडा देत गेले. "हिचं पळणं... साठ देऊ. उडी पंचावन्न." अगदी काहीच न येणाऱ्यालासुद्धा गेम पंचविसाच्या खाली जाऊ देत नव्हता, तेवढीच त्याची माणुसकी. सगळं भरून झालं की वरच्या कोपऱ्यात एक मोठा आकडा यायचा. तो तुमचा नंबर. तुम्ही म्हणजे तो.

निम्म्या जणी भरून झाल्या आणि लाईट गेली. त्या काळात लोडशेडिंगचा काही धरबंध नव्हता. भरलेलं सगळं उडालं. लाईट आल्यावर सरांनी पुन्हा भरलं, आणि मघाशी अठ्ठावन्न असलेली मी आता त्रेसष्ट झाले. मधल्या वेळात मी फक्त चहा प्यायले होते. कुणाला हसू आलं नाही. सगळ्या जणी आपापल्या आकड्याकडे डोळे लावून बसलेल्या.

माझी मैत्रीण अठ्ठेचाळीस निघाली. बारा जणींत शेवटची.

सरांनी सगळ्यांचे नंबर लॅबच्या फळ्यावर लिहिले आणि जाहीर केलं की जिल्ह्याच्या स्पर्धेला पुण्याला जीपमधून अकरा जणीच जाणार, वरच्या अकरा. त्या दिवसापासून मैदानाला कीड लागली. मुली एकमेकींना आकड्यानं हाक मारू लागल्या. "ए एकाहत्तर, बाटली दे." "अगं बावन्न, तू कशाला मध्ये तडफडतेस?" पास द्यायचं कमी झालं. रिंगमध्ये टाकलेला बॉल सरांना दिसतो, तो तिथवर कुणी पोचवला ते दिसत नाही, हे सगळ्यांना न सांगता कळलं होतं. जी ती लांबून बॉल भिरकावत सुटली. किळस यायची मला ते बघून. आणि अठ्ठेचाळीस नंबर आपला रिंगखाली उभा राहून पूर्वीसारखाच ओरडत होता, "आगं बघ की, ती मोकळी हाय तिकडं!"

मला चैन पडेना. एका दुपारी सर स्टाफरूममध्ये असताना मी लॅबमध्ये तो गेम उघडला आणि तिच्या दाढीवाल्या अवताराचं पान काढलं. पास देणं, पंच्याऐंशी. सरांनीच दिलेले. साऱ्या टीममध्ये सर्वांत जास्त. बॉल हाताळणं, अठ्ठ्याहत्तर. मग अठ्ठेचाळीस कसे? वर लिहिलं होतं, जागा, सेंटर. रिंगखाली उभी राहते म्हणजे सेंटर, असा सरांनी हिशोब केला होता. ती रिंगखाली उभी राहायची कारण आमच्याकडे रिंग एकच होती आणि बॉल तिथूनच बाहेर काढावा लागायचा. पण गेमला आमची मोडकी फळी कुठून माहीत असणार? त्याच्या लेखी सेंटर म्हणजे सात फुटी दांडगा. त्याची उंची मोजायची, उडी मोजायची, तो पास कसा देतो याला कोण विचारतो! मी बाण दाबून सेंटरचं गार्ड केलं. गार्ड म्हणजे बॉल पुढे नेणारा, वाटणारा. बाकी कशाला हात लावला नाही. कोपऱ्यातला आकडा अठ्ठेचाळीसचा एकोणसत्तर झाला.

मी धावत जाऊन सरांना घेऊन आले. त्यांनी पडद्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"हे तू बदललंस?"

"सर, फक्त जागा बदलली. तुम्ही दिलेले मार्क तसेच आहेत."

"म्हणजे हातानं बदललंस. याला कॉपी म्हणतात."

"पण सर, आधीचं पण तुम्ही हातानंच..."

"मी माहिती भरली. नंबर कॉम्प्युटरनं दिला. उद्या प्रत्येक जण येऊन आपापला वाढवून घेईल. मग त्याला अर्थ काय राहिला?"

त्यांनी पुन्हा सेंटर केलं. माझ्यासमोर. एकोणसत्तरची परत अठ्ठेचाळीस झाली आणि सरांच्या चेहऱ्यावर अन्याय टाळल्याचं समाधान पसरलं. ते समाधान मी अजून विसरलेले नाही. त्या कॉम्प्युटरनं केलं काय होतं? सरांचे अंदाज गिळले होते आणि ढेकर देऊन त्यांनाच परत केले होते. पण तोच अंदाज कोपऱ्यात मोठ्या अक्षरात आला की तो देववाणी झाला. शी!

जीपमध्ये जागा नाही म्हणजे टीम सुटलीच, म्हणून ती शनिवारी आत्याकडची पिशवी भरून वेल्ह्याला गेली. स्टँडवर मी एकटीच गेले होते. रडली नाही. एवढंच म्हणाली, "म्या पास टाकायला नगं व्हते का गं? रिंगमधी टाकायला पायजे व्हते." गाडी लागली आणि ती चढली.

पुण्याला आमचे धिंडवडे निघाले. तिथं मैदान सिमेंटचं, रिंगा दोन, आणि आमच्या अकरा जणींत शांतता. मागून कोण येतंय हे सांगणारं कुणी नव्हतं. मी दोनदा सवयीनं न बघता मागं बॉल टाकला, दोन्ही वेळा समोरच्यांनी उचलला. आमची एकाहत्तर तर बॉल हातात आला की सोडायलाच तयार नव्हती. पहिल्याच सामन्यात आम्ही घरी.

सोमवारी सर पुन्हा लॅबमध्ये बसले. तोंड पडलेलं होतं, पण श्रद्धा शाबूत. गेममध्येसुद्धा वाईट खेळलं की नंबर उतरतो, म्हणाले, आणि एकेकीचे आकडे खाली आणत गेले. एकाहत्तरची पन्नास झाली. मी पंचेचाळीस. बाकीच्या चाळिशीत कोसळल्या. जी खेळलीच नव्हती तिचे मात्र अठ्ठेचाळीस तसेच राहिले. सरांनी फळा पुसून नवे नंबर लिहिले, दोन पावलं मागं सरकून पाहिलं आणि खरोखरच आनंदानं म्हणाले, "अरे, ही तर आता दुसरी आली की! बोलवा तिला. पुढच्या स्पर्धेला घेऊ."

मी पुढच्याच रविवारी वेल्ह्याला गेले. तोरणा ढगात होता. गिरणीत वडील दळत होते आणि ती डबे ओळीनं लावत होती, केसांवर, भुवयांवर पीठ. आम्ही बाहेर स्टँडच्या कठड्यावर बसलो. मी तिला सगळं सांगितलं. सर बोलावतायत, तू आता दुसरी आहेस, चल.

तिनं शांतपणे ऐकून घेतलं.

"माजा नंबर वाडवला व्हय सरांनी?"

"नाही. तुझा तोच आहे. आमचे उतरले."

हातावरचं पीठ झाडत ती म्हणाली, "तुमी हारला म्हनून म्या चांगली झाले व्हय? आन परत जिकला की म्या वाईट? न्हाई गं बाई. त्यापरीस हितं बरं. हितं गव्हाला गहू म्हनत्यात." वडलांना विचारते असंसुद्धा ती म्हणाली नाही. मी खूप विनवलं. तिला माझा राग नव्हता, पण ती उठली नाही.

माझी परतीची गाडी लागली होती. वेल्ह्याचा स्टँड तेव्हा अगदीच अरुंद, मागं बाजाराची पालं, एका अंगाला उतार. कंडक्टर अजून चहाच्या टपरीवर होता आणि ड्रायव्हरनं गाडी मागं घ्यायला सुरुवात केली. मी खिडकीतून बघत होते. ती गाडीच्या मागं जाऊन उभी राहिली, हात वर करून, आणि तिचा तो आवाज सबंध बाजारावर पसरला. "येऊ द्या, येऊ द्या! डावीकडं घ्या, डावीकडं! मागं पोरगं हाय, थांबा! हां, आता येऊ द्या!"

ड्रायव्हरनं मान वळवूनसुद्धा पाहिलं नाही. तिच्या आवाजावर त्यानं अख्खी भरलेली गाडी मागं घेतली.